चिंगीचं लपणं

गिनीपिग घाबरला की आधी गप्प होतो. कुत्रा भुंकेल, मांजर फिस्कारेल, पोपट घर डोक्यावर घेईल. गिनीपिग जिथे असेल तिथे थिजतो. पुढचं पाऊल उचललेलं असेल तर ते तसंच हवेत राहतं, तोंडात गवताची काडी असेल तर ती अर्धी आत, अर्धी बाहेर. डोळे टक्क उघडे, मिशा ताठ, आणि पोट तेवढं भराभर वरखाली होत असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय गुणी जनावर आहे, कसं शांत बसलंय! या एका गैरसमजापायी कितीतरी गिनीपिग घरोघरी भेदरलेले जगत असतील, तेही त्यांच्यावर मनापासून माया करणाऱ्या माणसांच्या घरात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे दोघी आहेत, चिंगी आणि ठमी. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, हॉलच्या कोपऱ्यात त्यांचा पिंजरा. चिंगी पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके आणि कपाळावर भोवरा. ठमी काळीभोर, गुबगुबीत, खाण्यापुढे कशाचीच फिकीर न करणारी. दोघींत धीट चिंगीच. फ्रिजचं दार उघडलं की ‘वीक, वीक, वीक’ अशी शिट्टी तीच सुरू करायची. कोथिंबिरीची पिशवी नुसती सळसळली तरी गजांवर पुढचे पाय टेकून उभी. ही शिट्टी गिनीपिग माणसांसाठीच राखून ठेवतात म्हणा ना, आपापसांत ते ती फारशी वापरत नाहीत. नवरात्राच्या सुमारास आमच्या घरातली ही शिट्टी बंद झाली.

निमित्त वरच्या मजल्याचं. वरच्या काकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि गणपती गेल्यावर त्यांनी घर नव्याने करायला घेतलं. आधी लाद्या निघाल्या, मग बाथरूम. लाद्या फोडायचा ब्रेकर चालू झाला की आमच्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. आपण वैतागतो, खिडक्या लावतो, फोन घेऊन जिन्यात जातो. पिंजऱ्यातल्या जिवाला जिना नाही. शिवाय आपले कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतात, गिनीपिगचे ५०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत जातात. म्हणजे लोखंड दगडावर घासल्याची जी किंकाळी आपल्यापर्यंत पोचतही नाही, ती तिच्या कानात शिरत असते. आणि जमिनीची थरथर पायांतून येते ती वेगळीच. कागदावर निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांपासून. ज्यांच्या डोक्यावर लाद्या फुटल्या आहेत त्यांना या आकड्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

आवाजाच्या वेळी चिंगी घाबरली तर त्यात नवल नव्हतं. काळजी वाटली ती ब्रेकर थांबल्यानंतरही ती तशीच राहिली म्हणून. भीती पसरत गेली. आधी ब्रेकरची, मग खुर्ची सरकल्याची, मग चपलांच्या आवाजाची, मग माझ्या हाताच्या सावलीची. कुकरची शिट्टी तिने जन्मभर ऐकली होती, आता त्या शिट्टीलाही ती लाकडी घरकुलात घुसायची. सई, माझी मुलगी, शाळेतून आल्यावर नेहमीसारखी वाकली तर चिंगी पिंजऱ्याच्या भिंतीवर आपटेल इतक्या वेगाने पळाली.

“आई, तिला मी आता आवडत नाही का गं?”

“तू आवडतेस. वरून येणारा हात आवडत नाही,” मी म्हटलं.

हे मी सईची समजूत काढायला म्हणाले नव्हते, तसंच आहे ते. गिनीपिगचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागचं, बाजूचं, वरचं त्याला जवळजवळ सगळं दिसतं, पण नाकासमोरचं नीट दिसत नाही आणि अंतराचा अंदाज बेताचाच. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगराळ भागात माणसाने काही हजार वर्षांपूर्वी यांना माणसाळवलं, पण त्यांचे रानातले भाऊबंद अजूनही उंच गवतात वाटा पाडून राहतात आणि त्यांच्यावर झडप येते ती वरून, शिकारी पक्ष्यांची. पिलांचंच बघा ना. सुमारे दोन महिने पोटात राहून ती जन्मतात तीच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात घेऊन. काही तासांत पळू लागतात. पळायची तयारी करूनच जन्माला आलेला जीव आहे हा. वरून आलेली कुठलीही गोष्ट आधी घार असते, हात असल्याचं नंतर ठरतं.

तरीही आवाजावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. अचानक बुजलेल्या जनावराला काही दुखत नाही ना, हे पहिलं बघायचं. गिनीपिग दुखणं लपवतात, कळपात आजारी दिसणारा पहिला उचलला जातो म्हणून. घोडबंदर रोडला ससे, पक्षी असे प्राणी तपासणाऱ्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दोघींना घेऊन गेले. दोघींना, कारण एकटीला नेलं असतं तर प्रवासाची धास्ती दुप्पट झाली असती.

डॉक्टरांनी चिंगीला टेबलावर न घेता आपल्या मांडीवरच्या टॉवेलमध्ये घेतलं, आणि तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. दात पाहिले, कारण गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात आणि दाढा वाकड्या वाढल्या तर जीभ कापते. तळपाय पाहिले, सूज नाही. केस विंचरून कातडी पाहिली. अंगात किडे झाले तर नुसतं शिवलं तरी वेदना होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं जनावर बुजलंय. मूत्राशयात खडा आहे का ते पोट चाचपून पाहिलं. लघवी करताना ती कण्हते का, पाठ कमानीसारखी धरते का, हे मला विचारलं. मग आहार विचारला आणि ढोबळी मिरचीचं नाव ऐकून मान डोलावली.

ढोबळी मिरचीचं कारण असं की माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तर त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार, झाला, आणि स्कर्व्हीचं कोडं उलगडायला तिथून मोठी मदत झाली. आपल्या डाळ-तांदळाच्या घरांत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. क जीवनसत्त्व कमी पडलं की सांधे सुजतात, आणि उचलून घेतलं की दुखतं. उचलायला गेल्यावर पळणारा गिनीपिग नेहमीच भित्रा नसतो, कधी कधी तो दुखरा असतो. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढी गरज असते, ढोबळी मिरचीच्या एका बऱ्यापैकी फोडीत भागते. पाण्यात थेंब टाकण्यात अर्थ नाही, पाण्यात ते जीवनसत्त्व लवकर नासतं.

चिंगीला दुखणं काही निघालं नाही, पण वजन थोडं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, “ताई, घाबरली आहे याची मला तितकी काळजी नाही. घाबरून खाणं सोडलं तर मात्र ताबडतोब या, सकाळची संध्याकाळ करू नका.” गिनीपिगच्या आतड्यात अन्न सतत पुढे सरकत राहावं लागतं. दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं तर आतडं मंदावतं, गॅस धरतो आणि जीव जाऊ शकतो. भीती इथे नुसती मनात राहत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, ती इथे लिहितेच: कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधं गिनीपिगला तोंडावाटे कधीही द्यायची नाहीत, पोटातले उपयोगी जिवाणू मरून ती जिवावर बेततात. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याच्या गोळीतला तुकडा मोडून द्यायचा मोह होऊ शकतो, म्हणून.

सल्ले इतरही आले. प्राण्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं, “मॅडम, रोज अर्धा तास घट्ट धरून बसा. सुरुवातीला धडपडेल, मग आपोआप शांत होतं.” त्याने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, आणि हा सल्ला इतक्या ठिकाणी ऐकू येतो की खराच वाटावा. पण धडपड थांबते ती भीती संपली म्हणून थांबत नाही. पळून उपयोग नाही एवढं त्या जिवाला कळतं, म्हणून थांबते. गिनीपिगला उताणं केलं की तो हातपाय सोडून पडतो. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, ‘झोपली बघा’ म्हणतात. ती झोप नव्हे, ती शिकार झालेल्या प्राण्याची शेवटची युक्ती आहे. असा ‘शांत’ झालेला प्राणी माणसाळत नाही. त्याला एवढंच पक्कं ठाऊक होतं की हा हात आला की आपलं काही चालत नाही. मला चिंगीला याच्या बरोब्बर उलट पटवून द्यायचं होतं. तिचं चालतं. तिला आत जायचं तर आत जाता येतं, यायचं तेव्हा येता येतं, आणि तिने नको म्हटलेलं आम्हाला कळतं. निर्भय करायचं तर आधी लपायचा हक्क द्यायचा, या मतापर्यंत मी आले आणि अजून त्यावरच आहे.

सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. मी खोकी कापत बसले होते, तर म्हणाल्या, “नव्या सुनेला आल्या आल्या कुणी माजघराच्या मधोमध बसवत नाही गं. आधी तिची खोली दाखवतात. मग येते आपली आपण बाहेर.”

“तुम्हाला दाखवली होती, आई?”

“कुठली! म्हणून तर सांगते,” त्या म्हणाल्या आणि ट्रंकेतून त्यांच्या आईने शिवलेली गोधडी काढून दिली.

ती गोधडी घडी करून पिंजऱ्याखाली घातली. जमिनीची थरथर तिने बरीच गिळली. पिंजरा जागचा हलवला नाही. ओळखीचा कोपरा आणि पाठीशी दोन भिंती, एवढ्या दोनच गोष्टी तिच्याकडे उरल्या होत्या. ऑनलाइन सामानाच्या खोक्यांची घरं केली, प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असलेलं घर म्हणजे कोंडी. एक दार अडलं तर दुसरीकडून निघता यायला हवं, नाहीतर आत जाऊनही जीव धास्तावलेलाच राहतो. वरच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडली. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे फार गरजेचं. गिनीपिगना साधारण १८ ते २४ अंश मानवतं, ठाण्यात तेव्हा पारा पस्तिशीला टेकतो, आणि घाबरलेला जीव उकडलं तरी बिळातून बाहेर येत नाही, आतच ऊष्माघात होऊ शकतो. म्हणून खोक्यांच्या तोंडाशी शहाबादी लादीचा एक तुकडा ठेवला. चिंगी अर्धं अंग आत ठेवून हनुवटी तेवढी त्या लादीवर टेकायची.

सफाईची पद्धतही बदलली. एरवी मी सगळे कापड, सगळं गवत एकदम बदलायचे. आता निम्मं आज, निम्मं दोन दिवसांनी, कारण आपलाच वास एका झटक्यात नाहीसा झालेलं घर त्यांना परकं वाटतं. पिंजऱ्याकडे जाण्याआधी लांबूनच ‘चिंगेऽ, आले गं’ असं म्हणायचं, रोज तेच शब्द, त्याच सुरात. जवळ गेलं की उभं राहायचं नाही, खाली बसायचं. अंघोळ तर त्यांना मी कधी घालतच नाही. धडधाकट गिनीपिगला तिची गरज नसते, आणि पाण्याचा धसका मात्र बसतो.

सगळ्यात मोठा आधार मिळाला तो सोसायटीच्या एका जुन्या नियमाचा. दुपारी दोन ते चार कुणाच्याही घरात ठोकाठोकी करायची नाही. वयस्कर मंडळींच्या वामकुक्षीसाठी कधीकाळी केलेला हा नियम आमच्या वॉचमनने नेकीने पाळला. दोन वाजले की वर हत्यारं खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि सगळी इमारत श्वास सोडायची. घरून काम असेल त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसायचे. चिंगीकडे बघायचं नाही. समोरून रोखून बघणारे दोन डोळे शिकाऱ्याचे असतात. मी ईमेल लिहायची, मध्येच हळू आवाजात वाचून दाखवायची. ठमी बाहेर यायची, माझ्यासमोर पसरून गवत चावायची, आणि खोक्याच्या दारातून चिंगीचं नाक दिसायचं.

ठमीचं ऋण मोठं आहे. साथीदार जवळ असला तर अनोळखी, धास्तीच्या प्रसंगात गिनीपिगच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी चढतं, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून कायदाच केला, गिनीपिग एकटा पाळायचा नाही. मला तो कायदा दुपारी जमिनीवर बसून कळला. ठमी निवांत काहीतरी चघळते आहे, त्या आवाजावर चिंगीचे कान हलायचे. जिथे एक जण पोटभर खातो आहे तिथे घार नाही, असा काहीसा तिचा हिशोब असणार.

मग कोथिंबीर. जुडीतली सगळ्यात लांब काडी निवडायची. आधी ती नुसती दारापाशी ठेवून मी मागे सरायचे. काडी हळूहळू आत ओढली जायची, शेवटची पानं उंबऱ्यात एकदा अडकायची आणि मग दिसेनाशी व्हायची. आत बारीक, न थांबता चालणारा कुरकुर आवाज. काही दिवसांनी काडीचं दुसरं टोक माझ्या चिमटीत राहू लागलं. ती ओढायची, मी सोडायचे, लगेच. धरून ठेवायचं नाही, खेळ म्हणूनही नाही. काडी आखूड होत गेली तसं तिचं नाक जवळ येत गेलं. एका दुपारी काडी संपली, आणि ती पळाली नाही. माझ्या बोटाला नाक लावून, मिशांनी तपासून, ओठांनी नखाची कड चाचपून पाहिली. तिचा श्वास मला बोटावर जाणवत होता. मी हात उचलला नाही, कुरवाळलं नाही. कुरवाळायची इच्छा अनावर झाली होती, हे खरं. पण भेट तिने ठरवलेली होती, ती किती वेळ चालणार तेही तिनेच ठरवावं असं वाटलं.

सईने आपली वेगळीच तऱ्हा काढली. पालथी पडून ती इतिहासाचा धडा पिंजऱ्याला हळू आवाजात वाचून दाखवायची. दहा वर्षांच्या मुलीला हात आवरणं किती कठीण, पण तिने आवरले. तलावपाळीला गेलो की कणीसवाल्या मावशींकडून ती मक्याची ताजी हिरवी सालं मागून आणायची. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी हरळी आणते, चतुर्थीला लागते तीच, नीट धुऊन, निवडून. दोघींना ती टिमोथी गवताहून जास्त आवडते, आणि गवताचा मोठा ढीग घातला की खाणं नि लपणं दोन्ही एकाच जागी साधतं. रानात तेच तर करतात त्या.

दिवाळी मध्ये आलीच. राम मारुती रोडची दिवाळी पहाट आमच्यापासून फार लांब नाही, स्पीकरचा ठेका भल्या सकाळी घरात येतो, आणि रात्री फटाके. आम्ही बाहेरच्या आवाजाची वाट बघत बसलो नाही. अंधार पडायच्या आधीच मोबाइलवर तानपुरा लावून ठेवला, अगदी हळू. आवाज एकदम कोसळू नये, आधीपासून काहीतरी सलग चालू असावं, म्हणून. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड चादर, चौथी बाजू हवेला मोकळी, पंखा चालू. कुठलंही शांत करणारं औषध नाही, डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चिंगी गवताच्या ढिगात होती, फक्त भोवरा दिसत होता. एक मोठा बार झाला तेव्हा ती थिजली, मी मनात आकडे मोजत राहिले, आणि मग गवत हललं. ती चावत होती. आवाज झाल्यावर ती किती लवकर पुन्हा खायला लागते, हे मी तेव्हापासून बघते. घाबरणारच ती, गिनीपिग आहे. घाबरून परत येता आलं पाहिजे.

परत येणं सरळ रेषेत झालं नाही. एखादा दिवस छान जायचा, दुसऱ्या दिवशी मिक्सर लावला की पुन्हा खोक्यात. पण खुणा दिसत गेल्या. आमच्याकडे पाठ करून खाऊ लागली, पाठ दाखवणं हा फार मोठा विश्वास आहे. दुपारी कुशीवर, मागचे पाय लांब करून पडू लागली. एका संध्याकाळी उगाचच चारही पाय एकदम उचलून तिने हवेत उडी मारली, अंगाला झटका देऊन, मग आणखी एक. गिनीपिग आनंदाने असे उडतात. सई किंचाळायच्या बेतात होती, तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. फ्रिजची शिट्टी सगळ्यात शेवटी आली. आधी नुसती एक, अर्धवट. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, “बोलली गं!”

परवा सोसायटीच्या बोर्डावर पुन्हा नोटीस लागली, आता दुसऱ्या मजल्यावरचं काम. मी खाली जाऊन विचारून आले.

“काकू, ब्रेकर नक्की कुठल्या दिवशी चालणार?”

“सोमवार-मंगळवार म्हणालाय तो. का गं? त्या दोघींसाठी होय? थांब, कॉन्ट्रॅक्टरला सांगते, सुरू करायच्या आधी तुला फोन करेल.”

सोमवारी मी घरूनच काम करणार आहे. गोधडी पिंजऱ्याखाली आहेच, ती मुद्दाम धुतलेली नाही. दोघींचं वजन काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवलं, म्हणजे आठवड्याने ताडून बघता येईल. खोकी मात्र नवी कापायला हवीत, आणि या वेळी दारं मोठी. ठमी आता चिंगीपेक्षा शंभर ग्रॅमने जास्त भरते आणि जुन्या दारातून तिला निघता येत नाही.